मनातलं विचारा: स्वप्नं बघायची आमची ऐपत आहे का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी १९ वर्षांची आहे, सोलापूरला विडी घरकुलमध्ये राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगु बोलतो पण माझी शाळा मराठीच झालीय त्यामुळं लिहायचं म्हटलं की मराठीच येतं. घरात नाना, अम्मा, मी आणि दहावीतला भाऊ. नाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या मागावर आहेत, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर. अम्मा विड्या वळते, कॉलेजातून आले की मी पण तिच्याशेजारी बसते कारण हजार विड्या एकटीनं करायच्या म्हटलं तर रात्र होते.

माझं दुखणं असंय की मी सारखी तंद्रीत असते. हात पान कापत असतात आणि डोक्यात भलतंच चालू असतं. पानाच्या शिरा बघता बघता त्याची नक्षी होते, नक्षीची चादर होते, ती चादर मुंबईच्या एखाद्या भारी दुकानाच्या काचेत लागलेली दिसते, मी तिथं उभी असते आणि लोक विचारत असतात की हे डिझाइन कुणाचं, आणि तेवढ्यात अम्मा ओरडते की जुडीत विड्या कमी भरल्यास, डोकं कुठंय तुझं. गॅसवरचं दूध उतू जातं, बसचा स्टॉप मागं जातो. शेजारच्या काकू तर मला "ओ स्वप्नसुंदरी" म्हणूनच हाक मारतात.

शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. चित्रकलेचे सर घरी येऊन सांगून गेले होते की हिला डिझाइनला घाला. पण घरी ठरलेलं आहे, कॉमर्स कर, बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर कुठंतरी अकाउंटला लाग, भावाचं शिक्षण व्हायचंय. आत्या तर आत्तापासून स्थळं सांगायलीय. नाना वाईट नाहीत हो, कधी ओरडत पण नाहीत, एवढंच म्हणतात की "चित्रं काढत बसणं आपल्यासारख्यांचं काम नाही गं." मारलं असतं तर कमी लागलं असतं.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीचे वडील डॉक्टर आहेत, ती पुण्याला क्लास लावून निफ्टची, म्हणजे फॅशन-डिझाइनच्या सरकारी संस्थेच्या प्रवेशाची तयारी करतेय. तिनं विचारलं तुझे पप्पा काय करतात, तर मी म्हटलं टेक्स्टाइलमध्ये आहेत. नंतर घरी येऊन अम्माशेजारी बसले तर मान वर करवेना.

मोबाइलवर वाचलं की जास्त दिवास्वप्नं बघणं हा आजार असतो. मला तो झालाय का? आणि खरं सांगा, स्वप्नं बघायची आमच्यासारख्यांची ऐपत असते का, का मी हे सगळं डोक्यातून काढून टाकू?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं, आधी आजाराचं बघून टाकू, कारण ती भीती उगाच तुझ्या डोक्यावर बसलीय. तू जे वाचलंस ते बहुतेक एली सोमर या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडलेल्या कल्पनेबद्दल असणार. काही माणसं तासन्‌तास स्वप्नातच राहतात, झोप, खाणं, अभ्यास, माणसं सगळं सुटतं, बाहेर यायचं म्हटलं तरी येता येत नाही आणि त्याचा त्यांना फार त्रास होतो. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत ते अजून धरलेलं नाही, पण त्रास खरा असतो. तू कॉलेजला जातेस, पास होतेस, रोज अम्माच्या कामाला हात लावतेस, आणि तासन्‌तास एकच हालचाल करणारे हात असले की मन दुसरीकडं जाणारच, त्यात रोग काही नाही. तरी कधी असं वाटलं की रात्र रात्र त्यातच जातेय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जगणंच नको झालंय, तर १४४१६ ला फोन कर. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. रस्ता ओलांडताना, गॅसपाशी आणि बसमधून उतरताना मात्र तंद्री नको, एवढं ऐक माझं.

आता तुझ्या स्वप्नाकडं येते, कारण पत्रातला तो भाग मी परत परत वाचला. त्यात पान आहे आणि एकदम दुकानाची काच आहे. मधलं काहीच नाही! पानाच्या शिरांची नक्षी कशी झाली, किती रंगांची, मधोमध काय होतं, काठाला काय होतं, ते धाग्यात कसं उतरलं, यातलं काही तुला दिसत नाही, तू थेट लोकांच्या कौतुकात जाऊन उभी राहतेस. हे मी तुला बोल लावायला म्हणत नाहीये, सगळ्यांची स्वप्नं अशीच उडी मारतात, पण तुझ्या बाबतीत गंमत अशी की मधला जो तुकडा गायब आहे ना, तो माग आहे. आणि तो माग तुझ्या नानांच्या हाताखाली आहे.

जकार्ड कसं चालतं हे तू त्यांना कधी विचारलंयस का? माझा अंदाज आहे की नाही, कारण आपल्या घरातलं काम आपण कधी विचारत नाही, ते रोज जेवणाच्या डब्यासारखं समोर असतं. चित्र आधी आलेख कागदावर काढतात, छोट्या छोट्या चौकोनांत. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. चौकोन भरलेला असेल तर उभा धागा वर उचलायचा, रिकामा असेल तर खालीच ठेवायचा. मग त्याप्रमाणं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि तिचा हुक धागा उचलतो, आणि अशी कार्डं एकापुढं एक ओवून त्यांची माळ मागावर फिरते. जोसेफ मारी जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ मध्ये हे यंत्र बसवलं, त्याचंच नाव तुझ्या नानांच्या मागाला आहे. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, तिथं डिझाइन कॉम्प्युटरवर करतात आणि कार्ड लागतच नाही, पण चौकोनाचा हिशोब तोच. म्हणजे सोलापुरी चादरीवरचा मोर कुणीतरी चौकोन चौकोन मोजून बसवलेला असतो, आणि चित्र काढणं आपल्यासारख्यांचं काम नाही असं म्हणणारा तुझा बाप रोज तेच चित्र विणून घरी येतो.

नाना असं का म्हणतात तेही समजून घे, कारण त्यात तुझा कमीपणा नाही. सोलापुरातल्या त्यांच्या वयाच्या माणसानं काय काय बंद पडताना पाहिलं किंवा घरात ऐकलं असेल बघ. जुनी मिल नावाची कापड गिरणी १८७७ ला सुरू झाली तेव्हा लोक लांबून लांबून इथं कामाला आले, पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या सगळ्या गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठायचं, आणि मग एकेक करत सगळ्यांना टाळं लागलं. गिरणीतून बाहेर पडलेली माणसं यंत्रमागावर गेली, त्यांच्या बायकांच्या विड्यांवर चूल चालली. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मागावरच्या माणसाच्या पगाराच्या पाकिटात काही दिसत नाही. अशा माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार येणारी बँक हे एकच सुरक्षित ठिकाण वाटलं तर त्यात चूक काय? त्यांना भीती वाटतेय. ती भीती "आपली लायकी नाही" या शब्दांत बाहेर पडतेय, आणि ते शब्द वाईटच आहेत, मी त्याची बाजू घेत नाही. पण भीतीला रुसून उत्तर देता येत नाही, हिशोब दाखवूनच द्यावं लागतं.

आणि ऐपतीचं विचारलंस ना, तर तू ज्या घरात बसून मला पत्र लिहिलंस ते घर काय होतं? कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं व्हावीत हे जेव्हा पहिल्यांदा कुणीतरी बोललं असेल तेव्हा लोक किती हसले असतील विचार कर. रोज विड्या मोजून मजुरी घेणारी बाई, आणि तिच्या नावावर घर! ते २००६ मध्ये झालं, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं वसाहत उभी राहिली. ती नुसत्या इच्छेनं नाही झाली, युनियन होती, मोर्चे होते, केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा आणि बायकांनी स्वतःच्या मजुरीतून भरलेला हिस्सा होता. तुझी अम्मा त्यातली असेल किंवा तुम्ही नंतर तिथं राहायला आला असाल, मला माहीत नाही, पण त्या गल्ल्यांत अशी एक तरी म्हातारी असेलच जिनं पैसे भरल्याच्या पावत्या अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. जा एकदा, विचार तिला. आमच्यासारख्यांची स्वप्नं बघायची ऐपत नसते हे वाक्य निदान विडी घरकुलमध्ये राहून म्हणू नकोस गं, मला खरंच वाईट वाटलं वाचून.

बरं, आता करायचं काय. मोठ्या माणसांची उदाहरणं मी मुद्दाम देत नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या जिल्ह्यातले, पंढरपुरात जन्मले, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं, हे सगळं खरं असलं तरी त्यानं तुमच्या घरचं लाइट बिल भरत नाही.

पहिलं म्हणजे एक आलेख वही आण, चौकोनी रकान्यांची, आणि ते विडीचं पान तिच्यात उतरव. पूर्ण चादर नको, टॉवेलचा काठ घे, दोनच रंग घे. मग ती वही घेऊन नानांकडं जा आणि परवानगी मागू नकोस, मदत माग. म्हण की नाना हे मागावर निघेल का, कुठं धागा जास्त मोकळा राहील ते सांगा. बघ काय होतं. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही त्याला त्याची पोरगी विचारतेय. ते लगेच हो म्हणतील, डिझाइनला घालतील, असं मी म्हणत नाहीये. बहुतेक ते चुकाच काढतील. तेच पाहिजे आपल्याला. चित्रकलेच्या क्लासला हजारो रुपये भरून जे मिळत नाही ते ज्ञान तुझ्या घरात संध्याकाळी चहा पीत बसलेलं असतं. त्यांच्या कारखान्यात डिझाइन कोण करतं, बाहेरून येतं का, कॉम्प्युटरवर बसणारा माणूस किती शिकलेला आहे, हे पण त्यांनाच विचार, शक्य असेल तर एक दिवस जाऊन बघून ये.

दुसरं पैशाचं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून थेट पदवीपर्यंत. नववी-दहावीला वर्षाला २,००० रुपये, पदवी किंवा पॉलिटेक्निकला ६,००० आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सना २५,००० पर्यंत. अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. तू पत्रात याचा उल्लेखच केला नाहीस म्हणून विचारते, तुला आणि भावाला ती मिळतेय का? नसेल तर यंदाचा फॉर्म तू भर, दोघांचा, बाकीच्या अटी तिथंच वाचायला मिळतील. घरात स्वतःच्या खटपटीनं पैसे आणलेल्या पोरीचं बोलणं वेगळ्या कानानं ऐकलं जातं, हे मी शंभर घरांत पाहिलंय. शिवाय पद्मशाली समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात येतो, त्यामुळं राज्याच्या मान्यताप्राप्त व्यावसायिक कोर्सला रीतसर प्रवेश मिळाला तर शिक्षण फीची सवलत राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळू शकते, पण त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर सगळं हातात पाहिजे. जात वैधतेला वेळ लागतो, ऐन प्रवेशाच्या वेळी पोरं रडत फिरतात, तेव्हा ते कागद आत्तापासून जमव.

बी.कॉम. सोडू नकोस. दीड वर्ष राहिलंय, ते पूर्ण कर, आणि मी हे घरच्यांना खूश करायला नाही म्हणत, एका चादरीला सूत किती, रंगाई किती, मजुरी किती हे ज्याला मांडता येतं त्याच्या डिझाइनला कारखानदार बसायला खुर्ची देतो. निफ्टच्या बी.डिझाइनला बारावी झालेल्या कुठल्याही शाखेचं चालतं आणि वयाची अट २४ च्या आतली आहे, म्हणजे तुझी गाडी सुटलेली नाही. खारघरच्या मुंबई कॅम्पसला टेक्स्टाइल डिझाइन आहे. फी मात्र चार वर्षांत लाखांच्या घरात जाते हे स्पष्ट सांगते. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी त्यांची सवलतीची योजना असते, ती अटींसकट वाच आणि मगच घरी आकडा बोल. ते नाहीच जमलं तर राज्याची फाइन आर्टची सीईटी आहे, आणि तेही नाही तर इथंच एखाद्या युनिटमध्ये जकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर शिकत अर्धवेळ काम करणं आहे. तिसरा रस्ता लहान वाटेल तुला त्या डॉक्टरांच्या मुलीपुढं, पण पगार आणि शिक्षण एकाच वेळी देणारा तोच आहे, आणि बँकेच्या हट्टाला घरात तोच पर्याय म्हणून ठेवता येईल.

आत्याच्या स्थळांचं नानांशी बोलायच्या आधी अम्माशी बोल. डिग्री होईपर्यंत विषय काढायचा नाही, एवढं एकच कबूल करून घे, फार भाषण नको. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बाईला पोरीच्या हातात सुपाऐवजी दुसरं काही असावं हे वाटत नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि ती मैत्रीण. टेक्स्टाइलमध्ये आहेत असं म्हणालीस, ते खोटं नव्हतं पण तुला लागलं कारण त्यात नाना लपवले गेले. पुढच्या वेळी पूर्ण सांग, जकार्ड मागावर चादर विणतात. निफ्टची तयारी करणारी मुलगी असेल तर तिला माग बघायचा असेल बघ, तीच म्हणेल मला घेऊन चल. आणि नाहीच म्हणाली, नाक मुरडलं, तर अशा मैत्रिणीसाठी अम्मापुढं मान खाली घालायची गरज नव्हती हे तरी कळेल.

वहीतलं पहिलं पान झालं की मला फोटो पाठव. नानांनी काढलेल्या चुकांसकट.

प्रश्न: मी रिक्षा चालवतो, जुळे सोलापूरला राहतो. मुलगा नववीत आहे. अभ्यासाला बसवलं की खिडकीतून बाहेर बघत बसतो, वहीच्या मागच्या पानांवर पूल, इमारती, रेल्वेची इंजिनं काढतो. मार्क ५०-५५ टक्के. माझी इच्छा दहावीनंतर आयटीआय करून लवकर कामाला लागावा कारण माझ्या पाठीचं दुखणं आहे, किती दिवस रिक्षा ओढणार. बायको म्हणते त्याचं मन मारू नका. काय करू?

— एक पालक, सोलापूर

उत्तर: दादा, तुमचं आणि वहिनींचं भांडण तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाहीये. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून ट्रेड आहे, सिव्हिलचा वेगळा आणि मेकॅनिकलचा वेगळा, दोन्ही दहावीनंतर दोन वर्षांचे. पूल, इमारती, इंजिनं, मोजमापासह कागदावर उतरवणं हेच त्यात शिकवतात. म्हणजे तुमची आयटीआय पण राहिली आणि त्याची वहीची मागची पानं पण. पुढं त्याला वाटलं तर डिप्लोमाकडं वळता येतं. फक्त गणित सोडून चालणार नाही, ते त्याला तुम्हीच सांगा, आणि रागानं नको. पूल पडू नये म्हणून गणित लागतं असं सांगा, त्याला पटेल.

खिडकीतून बघतो म्हणून मारू नका त्याला. एकदा डोळे तपासून घ्या, खरंच सांगते, फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून लक्ष उडालेली कितीतरी मुलं असतात आणि घरी त्यांना आळशी म्हणतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी रिक्षात बसवून स्टेशनला न्या, तो काय बघतो, कशापाशी थांबतो ते तुम्ही बघा.

आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासनाच्या चित्रकलेच्या परीक्षांना तो बसलाय का, ते विचारा. इंटरमिजिएट पास झाला तर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३, आणि ५०-५५ टक्क्यांवर असलेल्या मुलाला आयटीआयच्या मेरिट लिस्टमध्ये तेवढ्यानं सुद्धा फरक पडतो. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, तेव्हा या आठवड्यात त्याच्या चित्रकलेच्या सरांना जाऊन भेटा, वहिनींना पण सोबत घ्या.